हृदयाची रोजकीर्द

गृहकर्जाच्या कागदपत्रांवर सही करताना माणूस साधारणपणे पस्तिशीच्या आसपास असतो. नोकरीत जम बसलेला असतो, मुले लहान असतात, आई-वडील उतारवयाकडे झुकलेले असतात. वीस वर्षांची मुदत आणि दरमहा ठरलेला हप्ता, असा सरळ हिशेब असतो. वयाच्या ५५ व्या वर्षी घर पूर्णपणे स्वतःचे होणार, या विचाराने सही होते. या हिशेबात व्याजाचा दर धरलेला असतो, पगारवाढ धरलेली असते, मुलांचे शिक्षणही धरलेले असते. एक आकडा मात्र सहसा कोणी धरत नाही. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ व श्रीलंका या पाच देशांत हृदयविकाराचा पहिला झटका येणाऱ्या रुग्णांचे सरासरी वय ५३ वर्षे आहे. जगातील इतर देशांत ते सुमारे ५९ भरले.

हा आकडा ‘इंटरहार्ट’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासातला आहे. मूळचे केरळचे व कॅनडात कार्यरत असलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या या अभ्यासाचे मुख्य निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. दक्षिण आशियाचा स्वतंत्र विचार करणारा निबंध २००७ मध्ये आला आणि त्याचे प्रथम लेखक होते नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. पहिला झटका सहा वर्षे अलीकडे येण्याचे कारण आपल्या रक्तातच काही खोट असावी, असा समज होण्याचा संभव होता. निबंधाने दिलेले उत्तर निराळे होते. धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तातील अपायकारक चरबी, पोटावरचा मेद, मानसिक ताण हे इतरत्र ज्या गोष्टींमुळे घडते, त्याच गोष्टींमुळे ते आपल्याकडे घडते; फक्त त्या गोष्टी आपल्याकडे तरुण वयातच येऊन ठाण मांडतात. शिवाय ज्या सवयी हृदयाचे रक्षण करतात, त्या आपल्याकडे विरळ. अभ्यासासाठी निवडलेल्या निरोगी माणसांतही नियमित व्यायाम करणारे दक्षिण आशियात शंभरात जेमतेम सहा निघाले, तर इतर देशांत बावीस. रोज फळे व भाज्या खाणारे आपल्याकडे शंभरात २७, इतरत्र ४५.

याचा अर्थ असा की, हृदयाच्या बाबतीत बहुतांश नोंदी आपल्याच हातच्या आहेत. आणि त्या वर्षाअखेरीस एकदम करावयाच्या ताळेबंदासारख्या नसून दररोज लिहावयाच्या कीर्दीसारख्या आहेत.

लंडनच्या दुमजली बसमधील दोन माणसे

मुठीएवढ्या आकाराचे, जेमतेम तीनशे ग्रॅम वजनाचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते व सात हजार लिटरच्या आसपास रक्त पुढे ढकलते. साऱ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या स्नायूला स्वतःचे रक्त मात्र तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या धमन्यांतून घ्यावे लागते. या धमन्यांच्या आतील अस्तरात चरबीचे थर साचतात, एखादा थर फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि पुढील स्नायूचा रक्तपुरवठा थांबतो. हाच हृदयविकाराचा झटका. थर साचण्याची क्रिया मात्र झटक्याच्या कितीतरी वर्षे आधी, बहुधा ऐन तारुण्यातच, सुरू झालेली असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंची संख्या वाढत चालली होती आणि त्याचे समाधानकारक कारण कोणाला सांगता येत नव्हते. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी त्याचा शोध लोकांच्या कामाच्या जागी घ्यावयाचे ठरवले. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर दोन माणसे एकत्र काम करीत. दोघांची सामाजिक परिस्थिती बरीचशी सारखी, गाडी तीच, रस्ताही तोच. फरक एवढाच की, चालक पाळीचा बहुतेक वेळ आसनावर बसून असे आणि वाहक तिकिटे देत वरच्या मजल्यावर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई. दिवसभरात त्याच्या पायांखालून सुमारे सहाशे पायऱ्या जात. मुंबईत १९३७ पासून धावू लागलेल्या दुमजली बसगाड्यांतून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना चालत्या गाडीत त्या वळणदार जिन्यावर तोल सावरणारा वाहक सहज आठवेल.

मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६४ वर्षे वयोगटातील सुमारे ३१ हजार परिवहन कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चालकांपेक्षा वाहकांना हृदयविकार कमी होत होता, झाला तरी उशिरा होत होता आणि झाल्यावर त्यातून वाचण्याची शक्यता अधिक होती. जाड माणसेच चालकाची नोकरी पत्करत असतील, ही शंका रास्त होती. मॉरिस यांनी तीही सोडली नाही. त्यांनी कर्मचाऱ्यांना शिवून दिलेल्या गणवेशाच्या विजारींची मापे मिळवली! चालकांची कंबर खरोखरच अधिक रुंद निघाली. पण पुढील तपासणीत असेही दिसले की, कंबर बारीक असो, मध्यम असो वा स्थूल असो, वाहकाचा धोका त्याच मापाच्या चालकाहून कमीच होता.

त्याच निबंधातील दुसरी तुलना बँकेशी संबंधित प्रत्येकाने वाचण्याजोगी आहे, पण ती बसच्या गोष्टीइतकी प्रसिद्ध झाली नाही. टपाल खात्यात पायी व सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन आणि त्याच खात्यात खुर्चीवर बसून काम करणारे कारकून व टेलिफोनवाले यांचीही अशीच पाहणी झाली. निष्कर्ष तोच निघाला.

शाखेतला जिना

संगणक येण्यापूर्वीची बँकेची शाखा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पितळी बिल्ला हातात घेऊन बाकावर बसलेले ग्राहक आठवतील. धनादेश एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाई, खतावणीचा जाडजूड ग्रंथ कपाटातून काढावा लागे, सहीचा नमुना शोधण्यासाठी उठावे लागे, अधिकाऱ्याच्या केबिनपर्यंत दोन-चार खेपा होत. व्हाउचरचा गठ्ठा घेऊन फिरणारा शिपाई दिवसाकाठी किती चालत असेल, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तो शिपाई म्हणजे त्या शाखेचा बस-वाहक होता. कोअर बँकिंग आल्यावर खतावणी पडद्यावर आली, सही पडद्यावर आली, मंजुरीही पडद्यावरच मिळू लागली. कामाचा वेग वाढला, चुका कमी झाल्या, ग्राहकांची सोय झाली. परंतु खुर्चीतून उठण्याचे एकेक कारण मात्र निघून गेले. ग्राहकांचेही तेच. वीजबिल, विमा, मुलांचे शुल्क, किराणा या सर्वांसाठी पूर्वी घराबाहेर पडावे लागे. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यापासून अंगठ्याच्या हालचालीवर काम भागते. ही सोय नाकारण्याचे काही कारण नाही. मात्र जी पावले वाचली, ती दुसरीकडे कोठेतरी जमा व्हायला हवीत.

ती कोठे जमा करावीत? व्यायामशाळेचे वार्षिक शुल्क भरून दुसऱ्या महिन्यात जाणे बंद करणारे पुष्कळ आहेत. पहाटे उठून तासभर फिरण्याचा संकल्पही बदली, लग्नसराई किंवा मार्चअखेर यांपैकी कशापुढे तरी हात टेकतो. दिवसाच्या रचनेतच मिसळून गेलेली हालचाल टिकते. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरील कार्यालयात लिफ्टऐवजी जिन्याने जाणे. फोनवर बोलताना उभे राहणे. शेजारच्या विभागाला संदेश न पाठवता उठून जाऊन विचारणे. डबा खाल्ल्यावर दहा मिनिटे आवाराभोवती फेरी मारणे. परतताना एक थांबा आधी उतरणे. मुंबईच्या लोकलने प्रवास करणारा मनुष्य रेल्वेच्या पुलावरून दिवसातून दोन-चारदा चढ-उतार करतो आणि त्याला तो व्यायाम वाटतच नाही. आता कित्येक स्थानकांवर सरकते जिने झाले आहेत. वृद्धांना व सामान असलेल्यांना ते वरदान आहेत. तिशीतल्या माणसाने त्यांच्यासाठी रांग लावून उभे राहावे, हे मात्र थोडे नवलाचे.

अशा तुकड्या-तुकड्यांच्या हालचालीला किंमत नसते, असे पूर्वी समजले जाई. निदान सलग दहा मिनिटे हवीत, अशी अट जागतिक आरोग्य संघटनेच्याच मार्गदर्शक सूचनांत होती. २०२० च्या सुधारित सूचनांत ती काढून टाकण्यात आली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, हे प्रमाण आज प्रौढांसाठी सांगितले जाते. मध्यम म्हणजे किती, याची खूण सोपी आहे : चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. रोज दहा हजार पावलांचा जो आग्रह धरला जातो, त्याचा उगम वैद्यकशास्त्रात नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र बाजारात आले. ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचे त्याचे नाव होते, आणि तो आकडा जगभर रूढ झाला. पुढे झालेल्या अभ्यासांत चार-पाच हजार पावलांपासूनच लाभ दिसू लागतो व सात-आठ हजारांपर्यंत त्याचा बराच मोठा भाग पदरात पडतो, असे आढळले. त्यामुळे दहा हजार भरली नाहीत म्हणून पाच हजारही सोडून देणे, हा तोट्याचाच व्यवहार.

बारीक दिसणाऱ्यांसाठी

‘माझे वजन बेताचेच आहे, मला कसली भीती?’ असे म्हणणाऱ्यांसाठी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्येच एक छोटेसे टिपण आले होते. त्यात दोन डॉक्टरांचे छायाचित्र होते : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. तो उत्तमच मानला जातो. परंतु यंत्राने शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली व याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते. आपले मुख्य धावणे म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठणे, अशी नोंद याज्ञिक यांच्या बाबतीत त्या टिपणातच मिश्किलपणे केलेली होती. भारतीय शरीर बाहेरून कृश दिसले तरी आतून मेदयुक्त असू शकते, हे याज्ञिक यांनी आपल्या अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवले आहे. भारतीय अर्भकांतही ही ठेवण दिसते.

म्हणून वजनकाट्यापेक्षा मोजपट्टीवर अधिक विश्वास ठेवणे बरे. भारतीय पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रियांची ८० सेंटिमीटर या मर्यादेत असावी, असे आपल्याकडील तज्ज्ञांनी ठरवले आहे. पाश्चात्त्य देशांतील मर्यादा याहून सैल आहेत. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, पट्टी न आवळता माप घ्यावे. विजारीच्या मापावर जाऊ नये, कारण ती पोटाखाली नेसलेली असते! पट्टी हाताशी नसेल तर आपल्या उंचीएवढी दोरी घेऊन ती दुमडावी. दुमडलेली दोरी पोटाभोवती पुरली नाही, तर काय समजायचे ते समजावे.

मीठ-तेलाचा महिन्याचा हिशेब

आहाराविषयी इतके लिहिले व बोलले जाते की, सामान्य गृहिणीला कोणाचे ऐकावे हेच कळेनासे होते. तूप वाईट की चांगले, तेल कोणते, पहाटे कोणता रस घ्यावा, या चर्चांना अंत नाही. त्यापेक्षा वाणसामानाच्या यादीवर नजर टाकली तर अधिक उलगडा होतो.

मिठापासून सुरुवात करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ पुरेसे आहे. चौघांच्या कुटुंबाला दिवसाला वीस ग्रॅम. म्हणजे एक किलोची पिशवी निदान पन्नास दिवस पुरली पाहिजे. आपल्या घरी ती किती दिवसांत संपते, हे प्रत्येकाने पिशवीवर तारीख टाकून पाहावे. बहुतेक घरांत धक्का बसेल. त्यातच लोणचे, पापड, फरसाण, वेफर, पाव, बिस्किटे, तयार सूप व शेवया यांतले मीठ आपल्या पिशवीतून गेलेले नसते, ते वेगळेच. ताटात डाव्या बाजूला मीठ वाढण्याची आपली जुनी रीत. ते वाढले, तरी घ्यावेच असे नाही. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून एकदम न तोडता हळूहळू कमी करणे सोयीचे. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी व रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याविना वापरू नये.

तेलाचा हिशेबही तसाच. माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे चौघांना दोन लिटर, हे ढोबळ प्रमाण. एकदा तळणासाठी तापवलेले तेल पुन्हा पुन्हा तापवणे टाळावे. नाक्यावरच्या कढईतले तेल सकाळपासून कितव्यांदा उकळते आहे, हे वडा घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. वनस्पती तुपातून व बेकरीच्या पदार्थांतून पोटात जाणारे ‘ट्रान्स फॅट’ हा हृदयाला विशेष घातक प्रकार. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. हे पाऊल महत्त्वाचे होते, तरी खारी-नानखटाई रोजची करण्याचा तो परवाना नव्हे.

आपल्या परंपरागत जेवणात चांगले काय आहे, याची आठवण ठेवली तरी अर्धे काम होते. ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, मोडाच्या कडधान्यांची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, पातळ ताक, मूठभर शेंगदाणे. यांत महाग काहीच नाही. बिघाड झाला तो प्रमाणात : भाताचा ढीग वाढला, भाजीची वाटी लहान झाली आणि कोशिंबीर सणावारापुरती उरली. दिवसाला माणशी चारशे ग्रॅम भाज्या-फळे असावीत. यंत्राने काढून गाळलेला रस त्यात धरू नये.

असा बदल एखाद्या घरातच नव्हे, तर साऱ्या प्रदेशात होऊ शकतो, याचे उदाहरण फिनलंडमध्ये घडले. त्या देशाच्या पूर्वेकडील नॉर्थ करेलिया हा लाकूडतोडे व गोपालक यांचा प्रांत. माणसे कष्टाळू आणि काटक, पण ऐन उमेदीत हृदयविकाराने जात. जगातील सर्वाधिक प्रमाण असणाऱ्या भागांत त्याची गणना होई. तेव्हा १९७२ मध्ये पेक्का पुस्का या अवघ्या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरच्या हाती एक प्रकल्प सोपवण्यात आला. लोण्याचे थर, सायीचे दूध, खारवलेले मांस आणि धूम्रपान हे तेथील शत्रू. पुस्का यांनी रुग्णालये बांधण्याऐवजी गावोगावच्या स्त्रियांच्या ‘मार्था’ या संघटनेला हाताशी धरले. त्या बायकांनी आपल्याच नेहमीच्या पाककृती कमी मिठाच्या, कमी लोण्याच्या, अधिक भाज्यांच्या करून गावजेवणे घातली. पुढील चार दशकांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. एवढे यश फक्त स्वयंपाकघराचे नव्हे. धूम्रपान घटले, रक्तदाबावर उपचार वाढले, औषधेही सुधारली. पण सुरुवात चुलीपासून झाली, हे खरे.

तंबाखू

याविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण यात मतभेदच नाही. विडी, सिगारेट, तंबाखूची चिमूट, गुटखा, मशेरी हे सारे प्रकार हृदयाला अपायकारक आहेत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी टपरीच्या मागून तो मिळतो, हे सर्वांस ठाऊक आहे. ‘दिवसाला दोन-तीनच ओढतो’ ही पळवाट इंटरहार्टच्या आकड्यांपुढे टिकत नाही. अल्प धूम्रपानानेही झटक्याची शक्यता वाढलेली त्यात दिसली. चांगली बातमी एवढीच की, तंबाखू सोडल्यावर हृदय फार लवकर क्षमा करते. वर्षभरात वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो. मद्याच्या बाबतीत, थोडेसे हृदयाला चांगले असते असे जे सांगितले जाई, त्याला दक्षिण आशियाई लोकांच्या आकडेवारीत आधार सापडला नाही. न घेणाऱ्याने औषध म्हणून सुरू करू नये.

न दुखणारा आजार

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९४४ मध्ये १८६/१०८ होता. वय वाढले की रक्तदाब वाढणारच, असे तेव्हाचे नामांकित डॉक्टरही मानत. १२ एप्रिल १९४५ रोजी डोके दुखत असल्याचे सांगून ते कोसळले, तेव्हा तो ३००/१९० वर पोहोचला होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान माणसाचा असा अंत झाल्यावर तीन वर्षांनी तेथील सरकारने हृदयरोगाच्या संशोधनासाठी कायदा केला आणि १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली. उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध त्या गावाने जगाला दाखवून दिला. आज कोणताही डॉक्टर जे प्रश्न विचारतो, त्यांतले बरेचसे फ्रॅमिंगहॅमचे आहेत.

आपल्या देशात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. त्यांतील कित्येकांना त्याची कल्पनाच नसते, कारण हा आजार दुखत नाही. डोके दुखले तरच रक्तदाब पाहणारे लोक खिडकीतून धूर दिसल्यावर आगीचा विमा उतरवणाऱ्यांसारखे असतात. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब, रक्तशर्करा व रक्तातील चरबी तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील सर्वांसाठी रक्तदाब व मधुमेहाची तपासणी विनामूल्य उपलब्ध आहे. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. चहा, सिगारेट अर्धा तास आधी नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. आणि त्या वेळी बोलू नये. एकदा १४०/९० च्या वर आला म्हणून घाबरू नये, पण पुन्हा पुन्हा येत असेल तर दुर्लक्षही करू नये.

येथेच एक चूक फार घरांतून होते. औषध सुरू झाले, रक्तदाब आटोक्यात आला, आणि ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी बंद झाली. रक्तदाब आटोक्यात आहे तो गोळीमुळे. ती बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांचा असावा. शेजाऱ्याचा किंवा मोबाइलवर आलेल्या संदेशाचा नव्हे.

मार्चअखेर, बदली आणि झोप

मनावरचा ताण हृदयापर्यंत पोहोचतो, हे आता केवळ कविकल्पना राहिलेले नाही. इंटरहार्टच्या नऊ प्रमुख कारणांत त्याचा समावेश आहे. राष्ट्रीय बँकेत काम करणाऱ्यांना त्याचे दोन प्रकार चांगले परिचयाचे आहेत. एक मार्चअखेर. दुसरा बदली. दूरच्या राज्यात एकटे राहणारा अधिकारी रात्री नऊला खोलीवर परततो, खाणावळीतले मिळेल ते खातो, घरी फोन करतो आणि मग झोप येईपर्यंत मोबाइलच्या पडद्याकडे पाहत राहतो. त्याच्या ताटात भाजी कमी आणि दिवसात गप्पा कमी. अशा सहकाऱ्याला रविवारी जेवायला बोलावणे, हे शाखेतील कोणाही गृहस्थाला अवघड नाही. त्या भाषेचे चार शब्द शिकून घेणे, तेथील बागेत फिरायला जाणाऱ्यांत मिसळणे, हे त्याला स्वतःलाही करता येते.

झोपेला आपण फार दिवस हिशेबात घेतले नव्हते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये हृदयाच्या आरोग्याचे सात निकष ठरवले होते. २०२२ मध्ये त्यांत आठवा घातला, तो झोपेचा. प्रौढांना रात्री सात ते नऊ तास झोप हवी. मोठ्याने घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाची घरात थट्टा होते. त्याला डॉक्टरांकडे नेणे अधिक योग्य, कारण या विकाराचा रक्तदाबाशी निकटचा संबंध आहे.

छातीत कळ आली तर

चाळिशी उलटलेल्या, मधुमेह वा रक्तदाब असलेल्या किंवा वर्षानुवर्षे बैठे काम केलेल्या माणसाने एका दिवसात धावायला सुरुवात करू नये. आधी तपासणी, मग चालणे, मग चालण्याचा वेग, या क्रमाने जावे. चढ चढताना छातीत जडपणा येत असेल व थांबल्यावर तो जात असेल, तर ते ‘गॅस’ म्हणून सोडून देण्याजोगे लक्षण नाही.

झटक्याची कळ छातीच्या मध्यभागी दडपण आल्यासारखी असते. ती डाव्या हातात, जबड्यात, पाठीत उतरू शकते. सोबत दरदरून घाम, मळमळ, धाप. स्त्रियांत व मधुमेहींत छाती न दुखताही केवळ अतिशय थकवा, धाप किंवा पोटाच्या वरच्या भागातील अस्वस्थता एवढेच जाणवू शकते, आणि म्हणूनच घरातल्या बाईचा झटका बहुधा उशिरा ओळखला जातो. तीही ‘स्वयंपाक आटोपून बघू’ म्हणते. बंद पडलेली धमनी जितक्या लवकर उघडली जाईल तितका स्नायू वाचतो. पहिले काही तास लाखमोलाचे असतात. सोडा पिऊन पाहणे, सकाळपर्यंत थांबणे, नातेवाइकांना विचारणे यांत ते जातात. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ११२ हा क्रमांक देशभर चालतो. रुग्णाला चालवू नये, जिना उतरायला लावू नये, आणि त्याने स्वतः स्कूटर काढून रुग्णालयात जाण्याचे धाडस तर मुळीच करू नये. ज्या रुग्णालयात बंद धमनी उघडण्याची सोय चोवीस तास आहे, असे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी आजच करून ठेवावी; बदलीच्या गावी पोहोचल्यावर दूधवाल्याची व खाणावळीची चौकशी करतो, त्याच दिवशी. तो पत्ता, १०८, आणि नेहमीच्या औषधांची यादी एका कागदावर लिहून तो घरात टेलिफोनजवळ व कार्यालयात टेबलाच्या वरच्या खणात ठेवावा, आणि तो तेथे आहे, हे शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यालाही सांगून ठेवावे.